बसमधली पाणीपाळी

परदेशातल्या सहलीत सगळ्यात लांबचं अंतर कोणतं, असं कुणी विचारलं तर मी सांगते, हॉटेलच्या दारापासून बसच्या पायरीपर्यंतचं. विमान पाच-सहा तासांत दुसऱ्या देशात नेऊन सोडतं. ही वीस पावलं चालायला मात्र अडतीस माणसांना पाऊण तास लागतो. एकाचा चष्मा खोलीत राहिलेला असतो, एकीला चपला बदलायच्या असतात, दोघं समोरच्या दुकानात ‘नुसतं बघायला’ गेलेले असतात आणि एक जण पहाटेपासून बसमध्ये बसून बाकीच्यांच्या नावानं शंख करत असतो.

इंदापूरला बसस्थानकाजवळ माझं ऑफिस आहे. एकवीस वर्षं मी बारामती आणि इंदापूर तालुक्यांतली माणसं परदेशात नेली आणि परत आणली. लोकांना वाटतं, माझं काम म्हणजे तिकिटं, व्हिसा आणि हॉटेलं. ते टेबलाशी बसून होतं. खरं काम परक्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं की सुरू होतं. बस किती सीटची, डिकीत सगळ्या बॅगा मावतील का, ड्रायव्हरला विश्रांती कधी द्यायची, दर दोन तासांनी स्वच्छ संडास कुठे आहे, बोटीत दोघं बसवणार की चौघं, जेवणाच्या जागी किती पायऱ्या चढायच्या. या सगळ्यासाठी प्रत्येक देशात आमचा एक एजंट असतो. तो बस आणि गाइड देतो. पण माणसं आपली असतात, आणि ती कशी वागतील हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

एक उदाहरण देते. थायलंडमध्ये पहिल्यांदा गट नेला तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस दिसला. बसमध्ये एकदम गलका झाला, ‘थांबवा, थांबवा!’ ड्रायव्हरला वाटलं कुणाला चक्कर आली. बस थांबताच सव्वीस पुरुष आणि चार बायका खाली उतरून उसात शिरल्या. पेरं मोजली, पाचटाचं काय केलंय ते बघितलं, सरी किती फुटांची आहे यावर वाद घातला. राजवाडा बघायची वेळ टळून गेली, पण कुणाला त्याचं काही नव्हतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत ‘शेतथांबा’ असतो. एजंट विचारतात, तिथे देऊळ आहे का, दुकानं आहेत का? मी म्हणते, काही नको, फक्त पीक उभं पाहिजे.

बसमधलं खरं भांडण मात्र पहिल्या रांगेवरून होतं. तिथून समोरची मोठी काच मिळते, सगळा देश अंगावर येतो. मागच्या रांगेतल्याला पुढच्याचं टक्कल दिसतं. सुरुवातीला लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे. परदेशातल्या बसच्या खिडक्या उघडत नाहीत हे कळल्यावर हॉटेलच्या नाश्त्यावरून उठून आधीच जाऊन बसायला लागले. मी म्हाताऱ्यांना पुढे बसवून बघितलं, तर साठीचे लोक सत्तरीचे झाले. चिठ्ठ्या टाकून बघितल्या, तर ज्याला मागची आली तो दिवसभर माझ्याशी बोलेना.

उपाय सुचला तो आमच्या कालव्यामुळे. ज्यांना कालवा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कालव्याचं पाणी सगळ्यांना एकदम मिळत नाही, पाळीनं मिळतं. कुणाचं दार कधी उघडायचं आणि कधी लावायचं हे ठरलेलं असतं. वरच्या बाजूला हेड, शेवटाला टेल. हेडवाले पाणी अडवतात आणि टेलला येईस्तोवर चिखल उरतो, ही टेलवाल्यांची जन्माची तक्रार. आमचा इंदापूर तालुका टेलला आहे आणि बारामती त्याच्या वर, म्हणजे ही तक्रार बसमध्येसुद्धा आमच्यासोबतच चढते. मग एका सहलीत मी माइक घेतला आणि जाहीर केलं, ‘उद्यापासून बसमध्ये पाणीपाळी. टेल टू हेड. शेवटच्या रांगेनं आधी पुढे यायचं. सकाळी एक पाळी, चहानंतर दुसरी. दार लावलं की लावलं.’

इंदापूरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. बारामतीच्या एका गृहस्थांनी कुरकुर केली, पण पाळी म्हटल्यावर भांडायचं कसं हे त्यांनाही सुचेना. त्या दिवसापासून भांडण मिटलं. लोक मला पाटकरीणबाई म्हणायला लागले. पाटावर पाणी सोडतो तो पाटकरी, त्याची ही बायकी आवृत्ती. मला ते नाव आवडलं. खरं सांगायचं तर या पाळीचा मला फार गर्व झाला होता.

आता व्हिएतनामच्या सहलीचं सांगते. त्या गर्वाची शिक्षा मला तिथे मिळाली.

सहलीच्या दोन महिने आधी कऱ्हाटीचा एक शेतकरी ऑफिसात आला. बरोबर वडील, भिवाआबा. पंचाहत्तरी गाठलेले, धोतर, पांढरी टोपी, बोलणं कमी. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. काही वर्षांपूर्वी कळप विकला, आता ऊस आणि ट्रॅक्टर. मुलगा म्हणाला, “ताई, आई गेल्यापासून आबा गोठ्याच्या म्होरं जाईना झाल्यात. एक डाव माणसांत न्या. पर माघारी आणा बरं का.” शेवटचं वाक्य तो हसत म्हणाला. मीही हसले.

आबांनी एवढंच विचारलं, “डोंगर हाय का तितं?”

मी म्हटलं, “आबा, नुसते डोंगरच आहेत.”

“मंग मला म्होरं बसवा.”

मी त्यांना पाळी समजावून सांगितली. त्यांची पाळी चौथ्या दिवशी, चहानंतर येत होती. आबांनी मान डोलावली. हनोईला उतरल्यापासून ते रोज सकाळी मला विचारायचे, “आज कितवा दीस?” मी सांगायचे. ते बोटं मिटायचे आणि आपल्या जागेवर जाऊन बसायचे. त्यांच्याशेजारी इंदापूरचे शंकरतात्या, बोलके आणि झोपाळू. पंचेचाळीस सीटच्या बसमध्ये आम्ही अडतीस प्रवासी होतो, त्यामुळे शेवटची रांग रिकामी असायची. जेवण झालं की आबा तिथे जाऊन आडवे व्हायचे.

आमची गाइड लान नावाची मुलगी होती, पंचविशीची, अंगानं बारीक. गाइडची जागा ड्रायव्हरशेजारच्या घडीच्या फळीवर. तिची कंबर दुखायची, पण ती कुणाला बोलायची नाही. लासुर्ण्याच्या सुमनआक्कांनी ते चौथ्या दिवशी सकाळी ओळखलं. आक्का म्हणजे आमच्या सगळ्या गटाच्या वडीलधाऱ्या. त्या म्हणाल्या, “लेकीवानी लेकरू त्या फळकुटावर बसतंय आन्‌ आपण गादीवर, हे काय बरं दिसतं व्हय? ये गं, हितं बस माज्याजवळ.” लानला मराठी येत नव्हतं, पण आक्कांनी हात धरल्यावर भाषेची गरजच उरली नाही. बसमध्ये एसीचा गारठा होता, म्हणून आक्कांनी आपली शालही तिला डोक्यावरून पांघरली.

त्या दिवशी आम्ही निन्ह बिन्हला होतो. तिथे चुनखडीचे सरळसोट डोंगर आहेत, त्यांच्या पायथ्याशी भातखाचरं आणि मधून नदी. बायका पायांनी वल्ही मारून होड्या चालवतात. सकाळी लवकर होड्यांची फेरी उरकली. साडेआठला बस निघणार होती, कारण साडेबाराला हा लाँगच्या बंदरावरून मोठी बोट सुटायची होती. रात्रीचा मुक्काम त्या बोटीवर, आणि लोकांनी सहल घेतली होती ती मुख्यतः त्यासाठी. बोट कुणासाठी थांबत नाही. बंदरातून सुटायची वेळ ठरलेली असते.

मी दारात उभी राहून मोजणी केली. माझ्याकडे बोटात धरायचं एक छोटं यंत्र होतं, एका डोक्यामागे एकदा दाबायचं. दाबत दाबत मागेपर्यंत नजर टाकली. अडतीस. “थर्टी एट?” असं लाननं शालीतून विचारलं आणि मी तिला अंगठा दाखवला.

तासाभरानं बस चहासाठी थांबली. सगळे पाय मोकळे करून परत चढले. मी माइक घेतला. “पाळी बदलली. पहिली रांग, शंकरतात्या आणि भिवाआबा.”

तात्या डोळे चोळत पुढे आले. मागं वळून ओरडले, “ओ आबा, पाणी आलं! उठा आता!”

सगळी बस हसली. मागून उत्तर आलं नाही. कुणीतरी शेवटच्या रांगेत डोकावलं. तिथे आबांचं घोंगडं होतं. आबा नव्हते.

मी पळत संडासाकडे गेले, चहाच्या दुकानात गेले. तात्या म्हणाले, “न्हाय ताई. हितं उतारताना मी त्यास्नी बघितलंच न्हाय. मला वाटलं मागं आडवं झाल्यात.” मी आबांच्या मोबाइलवर फोन लावला. मुलानं खास घेऊन दिला होता. रिंग वाजली ती डोक्यावरच्या फळीवरून, आबांच्या पिशवीतून.

तेवढ्यात लान शाल बाजूला करून आक्कांच्या शेजारून उठली, आणि मला कळलं. माझं अडतिसावं डोकं तिचं होतं.

पंचाहत्तर वर्षांचा माणूस, मराठीशिवाय दुसरी भाषा नाही, फोन नाही, हॉटेलचं कार्डही पिशवीत. लाननं होड्यांच्या धक्क्यावरच्या तिकीटघरात फोन लावला. पलीकडच्या बाईनं सांगितलं, बस थांबते तिथे कुणी म्हातारा दिसत नाही.

बसमध्ये गोंधळ उडाला. कुणी म्हणालं गाडी माघारी घ्या, कुणी म्हणालं मग बोट गेली. बारामतीचे ते कुरकुरे गृहस्थ, जे या सहलीलाही होते, ठणकावून म्हणाले, “बोट गेली तर जाऊ द्या. माणूस हाय का काय हाय!” मला ते ऐकून बरं वाटलं, पण मी तसं केलं नाही. सगळ्यांची सहल बुडवून आबांना शोधायचं, तर सापडल्यावर आबांनाच ते लागलं असतं. आमच्या धंद्याचा पहिला नियम, गट सोडायचा नाही. एकवीस वर्षांत तो मी त्या एकाच दिवशी मोडला. बस लानच्या ताब्यात दिली आणि एक मोटार ठरवायला सांगितली. लाननं त्यांच्या भाषेत एका कागदावर सगळी हकीकत लिहून माझ्या हातात ठेवली. तिचे डोळे भरले होते. ती बसली म्हणून हे घडलं असं तिला वाटत होतं. मी तिला सांगितलं, तू बसलीस ते बरोबर केलंस, मी मोजलं ते चुकलं.

सुमनआक्का म्हणाल्या, “जा तू, ताई. हितलं मी बघते. बोट येईस्तवर कोण बसमधनं उतारतंय तेच बघते.”

तात्या न विचारता माझ्यासोबत मोटारीत बसले. वाटभर त्यांचं एकच चाललं होतं. “चाळीस वरसं मेंढरं घिऊन कोकणात जायाचा त्यो माणूस. त्यो कसा चुकंल?” पण कोकणाची वाट आबांच्या पायाखालची होती. इथे तर रस्त्यावरची पाटीसुद्धा त्यांना वाचता येत नव्हती. माझ्या कानात त्यांच्या मुलाचं हसू घुमत होतं, माघारी आणा बरं का. त्याला फोन करायचा तर काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवत होते आणि एकही पुरं होत नव्हतं.

धक्क्यावर पोचलो. तिकीटघर, दुकानं, होड्यांची रांग, कुठेच आबा नाहीत. मी होडीवाल्या बायकांना लानचा कागद दाखवला. त्या वाचून एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मी डोक्यावर हातानं टोपी करून दाखवली. त्यातली एक खळखळून हसली आणि तिनं डोंगराच्या कुशीकडे बोट केलं.

कड्याच्या पलीकडे, बसच्या जागेवरून दिसणार नाही अशा ठिकाणी, शेळ्या चरत होत्या. त्या भागातल्या शेळ्या सरळ कड्यावर चढतात. खाली दगडावर भिवाआबा उकिडवे बसले होते. मांडीत एका शेळीचा पाय, हातात विळा. एक म्हातारी बाई शेळीची शिंगं धरून बसली होती. आबा तिच्याशी मराठीत बोलत होते आणि ती आबांशी तिच्या भाषेत. दोघांचं व्यवस्थित चाललं होतं.

“आबा!” तात्या ओरडले.

आबांनी वर बघितलं. “आलासा व्हय? जरा दम धरा. खूर वाढल्याला हाय, बिचारी लंगडतीया. येवढं हुं द्या.”

मी तिथेच दगडावर बसले आणि मला रडू फुटलं. एवढ्या वर्षांत गटासमोर मी कधी रडले नव्हते. आबांनी खूर पुरा केला, शेळीला सोडलं, विळा म्हातारीला परत दिला आणि माझ्याजवळ आले.

“रडती कशापायी? मी कुठं गेलोय? ही लंगडताना दिसली म्हणून हिकडं आलो. तवर गाडी निघाली. हाक मारली, पर काचा बंद.”

“मग तुम्ही बसच्या जागी का नाही थांबलात?”

“पंधरा पावलं तर हाय. चुकल्यालं मेंढरू जागा सोडून हिंडलं की गेलं. जितं चुकलं तितंच ऱ्हायलं की धनी येतोय.” मग माझ्या बोटातल्या यंत्राकडे बघून म्हणाले, “आन्‌ मला ठावं व्हतं, तू मोजती. एक कमी पडलं की येशील.”

निघताना त्या म्हातारीनं आबांच्या हातात दोन केळी दिली. आबांनी एक तात्यांना दिलं आणि एक सोलून मला.

हा लाँगला पोचेपर्यंत दोन वाजून गेले होते. मोठी बोट वेळेवर सुटली होती. लाननं आमच्यासाठी एक छोटी बोट ठरवून ठेवली होती, तिनं आम्हाला समुद्रात मोठ्या बोटीपाशी नेलं. समुद्रातून वर आलेले शेकडो डोंगर, त्यांच्यामधून ती छोटी बोट चालली होती. आबा पुढच्या टोकाला एकटेच बसले होते आणि मान वर करून बघत होते. मी तात्यांना म्हटलं, बघा, आबांना पहिली रांग मिळाली. तात्या म्हणाले, “ही जादा पाळी. त्यांची हक्काची अजून ऱ्हायलीया.”

वर चढल्यावर सगळ्यांनी आबांना गराडा घातला. आक्कांनी आधी आबांना रागावून घेतलं, मग माझ्याकडे वळून हळूच सांगितलं, “पहिल्या रांगंत कुणी बसलं न्हाय बरं का. बंदर येईस्तवर मोकळी आणली. त्या बारामतीवाल्यांनीच सांगितलं, पाळी आबांची हाय, दुसऱ्यानं पाणी घ्यायाचं न्हाय.” ज्या जागेसाठी ही माणसं पहाटे नाश्ता सोडून पळायची, ती त्यांनी दोन तास रिकामी ठेवली होती. या धंद्यानं मला काय दिलं असं विचारलं तर मला ती न बघितलेली रिकामी रांग आठवते.

संध्याकाळी डेकवर मी आबांशेजारी जाऊन बसले. मला ते मनात ठेवणं जमत नव्हतं. म्हटलं, “आबा, मी मोजलं होतं. आकडा बरोबर आला होता. अडतीस. ती लान आक्कांच्या शेजारी बसलेली, तिला धरून. तुम्ही कमी आहात हे मोजून मला कळलंच नाही. पाळी पुकारली तेव्हा कळलं.”

ते रागावतील असं वाटलं होतं. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“आकडा बरुबर यायाचाच. दुसऱ्याचं एक आपल्या कळपात शिरलं आन्‌ आपलं एक मागं ऱ्हायलं, तर आकडा बरुबरच येतोय. म्हणून तर आमी मोजत न्हाय.”

“मग काय करता?”

“तोंडं बघतो.”

मी त्यांना सहज विचारलं, सकाळी तिथे शेळ्या किती होत्या? आबा विचारात पडले. “किती ते न्हाय ठावं. एक लंगडी व्हती ती तू बघितलीस. एकीचा डावा कान फाटका. एक काळी, पोटुशी, पंधरा दिसांत व्यायची. दोन बोकडं, त्यातलं एक आडदांड. एक पांढरी सारखी म्हातारीचा पदर वढायची.” ते सांगतच राहिले. म्हातारीनं लुगडं नव्हे, विजार घातली होती, पण मी आबांना अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोट बंदराला लागली. बस उभी होती. मी यंत्र पर्समध्ये टाकलं आणि बसच्या दारात न थांबता आत गेले, शेवटच्या रांगेपासून पहिल्या रांगेपर्यंत एकेका तोंडाकडे बघत. सुमनआक्का, गुडघ्याला पट्टा बांधलेला. शेजारी लान, आता हक्कानं. बारामतीचे गृहस्थ, चष्मा कपाळावर. आधीच पेंगायला लागलेले तात्या पहिल्या रांगेत, आणि त्यांच्याजवळ खिडकीशी आबा, दोन्ही हात गुडघ्यांवर, समोरच्या काचेकडे तोंड. वेळ लागला. ड्रायव्हरनं दोनदा मागे वळून बघितलं. एवढी वर्षं मी हे का केलं नव्हतं याची मला लाज वाटली, आणि ती अजून वाटते.

मी पुढे येऊन उभी राहिले. आबांनी विचारलं, “समदी आली?”

“आली.”

“मोजलीस?”

“नाही आबा. बघितली.”

आबांनी टोपी नीट बसवली. “मंग सोड पाणी,” म्हणाले.